उद्योगांतील नवा अधिकारी आणि जुना धडा

गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या अधिकारीवर्गात एका नव्या पदाची भर पडली आहे. कोठे त्याला ‘सस्टेनेबिलिटी मॅनेजर’ म्हणतात, कोठे ‘ईएसजी प्रमुख’. मराठीत त्यास शाश्वतता अधिकारी म्हणता येईल. कंपनीच्या कारभाराचा हवा, पाणी, जमीन, कामगार आणि भोवतालची वस्ती यांवर काय परिणाम होतो याची मोजदाद ठेवणे आणि तो परिणाम सौम्य करण्याच्या योजना आखणे, हे या अधिकाऱ्याचे काम होय. हे पद एकाएकी महत्त्वाला चढले त्याचे तात्कालिक कारण नियमांत आहे. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ने २०१२ मध्ये बाजारमूल्याच्या दृष्टीने पहिल्या शंभर कंपन्यांवर सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल देण्याचे बंधन घातले. २०२१ मध्ये त्या अहवालाची जागा ‘बीआरएसआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अधिक तपशीलवार अहवालाने घेतली आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो पहिल्या एक हजार कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यातील कळीचे आकडे त्रयस्थाकडून तपासून घेण्याची अट २०२३-२४ पासून, पहिल्या दीडशे कंपन्यांपासून सुरुवात करून, टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. एक हजार कंपन्या, त्यांना माल पुरविणारे कारखाने, अहवाल लिहून देणारे सल्लागार आणि तो तपासणाऱ्या संस्था, या सर्वांना माणसे हवी आहेत.

जेथे माणसांची मागणी तेथे शिकवणीचे वर्ग, हा आपल्याकडील नियमच आहे. त्यानुसार काही आठवड्यांत शाश्वततेचे ‘तज्ज्ञ’ घडविणारे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आता जोरात आहेत. विज्ञानाचे आणि वाणिज्याचे पदवीधर, व्यवस्थापनाचे विद्यार्थी, काही वर्षे नोकरी करून कंटाळलेले अभियंते, सारेच या वाटेकडे आशेने पाहत आहेत. पगारही मिळावा आणि समाजाचे काही भलेही व्हावे, ही त्यांची अपेक्षा उपहासाचा विषय नव्हे. उलट तरुण पिढीच्या मनात ती असणे हे समाजाच्या आरोग्याचेच लक्षण मानले पाहिजे. तथापि, आईवडिलांनी कर्ज काढून भरलेले शुल्क आणि तरुण वयातील चार-पाच वर्षे ज्या पायावर उभी राहणार, तो पाया कितपत पक्का आहे, हे तपासून पाहणे आवश्यक आहे. या नोकरीला अहवालाच्या पलीकडचा अधिकार नसेल, तर ती करणाऱ्याचे समाधान आणि समाजाचे हित ही दोन्ही कागदावरच राहतील. ही भीती काल्पनिक नाही. मुंबईच्या गिरण्यांपासून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपर्यंत महाराष्ट्राने असा प्रयोग एकदा पाहिलेला आहे. त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी या कामाचे खरे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

मोजमापाचे काम

शाश्वतता म्हटले की वृक्षारोपण, सौरपट्ट्या आणि हिरव्या मुखपृष्ठाचा अहवाल एवढेच चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः हे काम मुख्यतः मोजमापाचे आहे आणि मोजमाप हे चिकाटीचे व पुष्कळ अंशी कंटाळवाणे काम असते. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणावी. तेथे भंगार आणि कच्चे लोखंड वितळवून वाहन उद्योगाला लागणारे सुटे भाग ओतले जातात. भट्टी विजेची असेल तर महिन्याचे वीजबिल हा पहिला पुरावा. देशाच्या वीजजाळ्यातून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे सरासरी किती कर्बवायू हवेत जातो, हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. तो सुमारे ०.७ किलोच्या घरात आहे. म्हणजे महिन्याला दहा लाख युनिटे वापरणाऱ्या कारखान्याच्या नावावर केवळ विजेपोटी सुमारे सातशे टन कर्बवायू लागतो. जनित्राचे डिझेल आणि कोळशावरची भट्टी असल्यास कोळसा यांचा हिशेब निराळा. त्याहून अवघड हिशेब विकत आणलेल्या भंगाराचा, त्याच्या वाहतुकीचा आणि वापरून झाल्यावर फेकाव्या लागणाऱ्या साच्यांच्या वाळूचा.

पाण्याचेही तसेच. कारखान्यात नळाचे, कूपनलिकेचे आणि टँकरचे मिळून किती पाणी आले, उत्पादनात किती मुरले, वाफ होऊन किती गेले आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून किती बाहेर पडले, यांचा ताळा जुळला पाहिजे. तो जुळत नसेल तर उरलेले पाणी गेले कोठे, हा प्रश्न विचारणे हेच या अधिकाऱ्याचे खरे काम. नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यात सर्वसाधारणपणे लिटरमागे बीओडी ३० मिलिग्रॅमपेक्षा आणि सीओडी २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा दंडक आहे. हे आकडे पाठ असणे सोपे आहे. परंतु नमुना कोणत्या वेळी आणि कोणत्या ठिकाणी घेतला, त्या वेळी कारखाना पूर्ण क्षमतेने चालू होता की नाही, प्रक्रिया केंद्राचे हवा घालणारे पंप रात्रपाळीत सुरू होते की वीज वाचविण्यासाठी बंद ठेवले होते, हे ज्याला कळते त्यालाच त्या आकड्यांचा अर्थ कळतो. साखर, मद्यार्क, कागद, रंग, औषधे यांसह अतिप्रदूषक मानलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सतत मोजणी करणारी स्वयंचलित यंत्रे बसविण्यास सांगितले. परंतु यंत्र बसविणारा माणूस असतो, ते जुळविणारा माणूस असतो आणि ते बंद पडल्यावर ‘दुरुस्तीखाली’ अशी नोंद करणाराही माणूसच असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. अहवाल लिहिणे हे वर्षाच्या शेवटी करावयाचे थोड्या दिवसांचे काम आहे. उरलेले वर्ष भट्टी, मीटर, बिले आणि गटार यांच्या सहवासात घालवावे लागते. अहवालाची गुळगुळीत भाषा तर आज संगणकही लिहून देतो. तेवढ्याच कौशल्यावर ज्याने आपली कारकीर्द उभारली असेल, त्याच्या पायाखालची जमीन फार काळ स्थिर राहणार नाही.

कल्याण अधिकाऱ्याचा इतिहास

आता जुन्या प्रयोगाकडे वळावे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांची भरती एकेकाळी जॉबरच्या हाती होती. नोकरी देणारा, टिकविणारा आणि काढून टाकणारा तोच. त्याला दस्तुरी दिल्यावाचून कामगाराला सांच्यावर उभे राहता येत नसे. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ मध्ये या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचे व तक्रारींचे काम पाहण्यासाठी सुशिक्षित, निःपक्षपाती असा कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३४ च्या तंटा समेट कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. या पदासाठी माणसे घडविणाऱ्या संस्थाही येथेच उभ्या राहिल्या. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३६ ची. परळची श्रम संस्था १९४७ ची, जिला पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव देण्यात आले. ध्येयवादाने भारलेले कित्येक मराठी तरुण या वाटेने कारखान्यांत गेले.

कल्पना उदात्त होती. मालक आणि कामगार या दोघांमधील दुवा, परंतु दोघांचाही अंकित नसलेला, असा हा अधिकारी असावयाचा होता. पाळणाघर, उपाहारगृह, पिण्याचे पाणी, विश्रांतीची जागा यांवर त्याने लक्ष ठेवावे, तक्रारी ऐकाव्यात आणि त्या वरपर्यंत पोहोचवाव्यात, अशी अपेक्षा होती. परंतु या पदाच्या रचनेत एक वैगुण्य मुळातच राहून गेले. पात्रता कायद्याने ठरविली. नेमणूक, पगार, बढती आणि पुढच्या नोकरीसाठी लागणारे शिफारसपत्र मात्र व्यवस्थापनाच्या हाती राहिले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. संप आला की कल्याण अधिकारी व्यवस्थापनाच्या बाजूने बोलणी करू लागला. शिस्तभंगाच्या चौकशीत व्यवस्थापनाची बाजू मांडू लागला. रजा, हजेरी आणि भरती यांची कामे त्याच्या टेबलावर साचली. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाला १९६९ च्या अहवालात सांगावे लागले की, या अधिकाऱ्याची तटस्थता राखावयाची तर कामगार-तंट्यांत व्यवस्थापनाच्या वतीने त्याला उभे करू नये. तोवर बराच उशीर झालेला होता. कल्याण अधिकाऱ्याचा कार्मिक अधिकारी झाला आणि पुढे कार्मिक अधिकाऱ्याचा मनुष्यबळ विकास व्यवस्थापक झाला. पदनामात प्रगती झाली. ‘कल्याण’ हा शब्द मात्र वाटेत गळून पडला. कामगार संहितांतही हे पद टिकून आहे, परंतु कामगाराने मोठ्या विश्वासाने त्याच्याकडे धाव घ्यावी, असे त्याचे स्थान क्वचितच उरले आहे.

याचा दोष त्या पदावरील माणसांना देणे अन्यायाचे होईल. त्यांतील अनेकांनी आपल्या परीने कामगारांचे पुष्कळ भले केले. दोष रचनेचा होता. ज्याच्या चुका दाखवावयाच्या, त्याच्याच मर्जीवर ज्याची भाकरी अवलंबून असते, त्याच्याकडून नित्य धैर्याची अपेक्षा करणे हे अर्थशास्त्राला धरून नाही आणि मनुष्यस्वभावालाही धरून नाही. शाश्वतता अधिकाऱ्याचे पद आज नेमक्या त्याच रचनेवर उभे राहत आहे.

हितसंबंध कोठे जुळतात, कोठे तुटतात

पर्यावरण आणि नफा यांत विरोध नाहीच, असे आता सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. भट्टीची उष्णता वाया जाऊ दिली नाही, वाफेची गळती थांबविली, जुन्या मोटारी बदलल्या, तर कोळसा व वीज वाचते, कर्बवायू घटतो आणि नफा वाढतो. येथे हितसंबंध जुळतात. परंतु असे असेल तेथे अधिकाऱ्याच्या धैर्याची गरजच पडत नाही. अभियंता आणि हिशेबनीस मिळून तो निर्णय सहज घेतात. खरी परीक्षा असते ती हितसंबंध तुटतात तेथे. प्रक्रिया केंद्र चोवीस तास चालविण्याचा खर्च कंपनीच्या माथी पडतो आणि ते न चालविण्याचा खर्च खालच्या गावातील विहिरीवर पडतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच हे दाखवून दिले की, उत्पादनाच्या खर्चाचा एक भाग असा तिऱ्हाइताच्या अंगावर ढकलता येत असेल, तर बाजारातील किंमत खोटी ठरते आणि ती खरी करण्यासाठी कर किंवा कायदा यांचा हस्तक्षेप लागतो. उलटपक्षी मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या लेखात नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी असल्याचे प्रतिपादन केले. फ्रीडमन यांचे मत पटो वा न पटो, त्यातून निघणारा एक निष्कर्ष टाळता येत नाही : व्यवस्थापक स्वखुशीने भागधारकांचा पैसा विहिरीसाठी खर्च करील, यावर समाजाने विसंबून राहू नये. नियम तरी हवा, नाहीतर नियमाने सामर्थ्य दिलेला माणूस तरी हवा.

नफा, माणसे आणि निसर्ग या तिन्हींचा एकत्रित ताळेबंद मांडावा, ही कल्पना ‘ट्रिपल बॉटम लाइन’ या नावाने १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन यांनी रूढ केली. आजच्या बहुतेक सर्व अहवालांचे मूळ या कल्पनेशी जाऊन पोहोचते. तेच एल्किंग्टन २०१८ मध्ये म्हणाले की, सदोष मोटारी कारखानदार परत मागवितो, तशी ही संकल्पना आपण फेरविचारासाठी परत मागवीत आहोत. कारण भांडवलशाहीचे वळण बदलण्यासाठी योजलेले साधन हिशेब ठेवण्याचे एक तंत्र होऊन बसले आहे. जनकाने दिलेली ही साक्ष दुर्लक्षिण्यासारखी नाही.

अहवाल होता, अधिकार नव्हता

अहवाल असणे आणि संकट टळणे यांत किती अंतर असते, हे भोपाळने शिकविले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या कारखान्यातील धोके कोणाला ठाऊकच नव्हते, असे नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी येथे येऊन सुरक्षेची पाहणी केली होती आणि त्रुटींची नोंद केली होती. राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार त्याच वर्षापासून इशारे देत होते. तरीही त्या रात्री रसायनाची टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद होती आणि सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा कामाच्या अवस्थेत नव्हता. काटकसरीचा निर्णय घेणाऱ्याला अधिकार होता. धोका लिहून ठेवणाऱ्याला तो निर्णय रोखण्याचा अधिकार नव्हता. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८७ ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती ही या दुर्घटनेची अपत्ये होत.

आकडे स्वतःहून खरे बोलत नाहीत, याचे उदाहरण २०१५ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने घालून दिले. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी संगणकीय आज्ञावली त्या कंपनीच्या डिझेल मोटारींत बसविलेली आढळली. जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती होती. ती बसविणारे लोक अडाणी नव्हते. ते उत्तम शिकलेले अभियंते होते. कौशल्य होते, आकडे होते, अहवालही होते. ‘हे होणार नाही’ असे म्हणून काम थांबवू शकेल, असे स्थान मात्र कोणाला नव्हते किंवा असल्यास त्याने ते वापरले नाही.

परदेशी वाऱ्याच्या भरवशावर

या क्षेत्राकडे वळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजच्या मागणीचा मोठा भाग परदेशातील नियमांमुळे निर्माण झालेला आहे आणि ते वारे फिरूही लागले आहेत. युरोपीय महासंघाचा विस्तृत अहवालांचा कायदा २०२३ च्या आरंभी अस्तित्वात आला. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बहुसंख्य कंपन्यांना त्यातून वगळण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगानेच मांडला. अमेरिकेच्या भांडवल बाजार नियामकाने मार्च २०२४ मध्ये हवामानविषयक माहितीचे नियम संमत केले. महिन्याभरातच त्यांना स्थगिती मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये नियामकाने त्यांचा न्यायालयातील बचावही सोडून दिला. आपल्याकडे ‘सेबी’नेही २०२५ मध्ये पुरवठादारांविषयीच्या माहितीची अट ऐच्छिक केली. दुसऱ्या बाजूस, आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदी मालावर त्यातील कर्बभारानुसार आकार बसविण्याची युरोपची योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये माहिती गोळा करण्यापुरती सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून तिचे अंतिम पर्व सुरू झाले.

यातला फरक बोधप्रद आहे. अहवालाचे नियम सैल होत असताना, ज्या नियमाला सीमेवरच्या पैशाची जोड आहे तो टिकून राहिला. अर्थात, अहवालाच्या नमुन्यात पारंगत असणाऱ्याची किंमत नियमाबरोबर वर-खाली होणार. भट्टीतून निघणाऱ्या टनामागे किती कर्ब जळतो हे मोजून तो कमी करून दाखविणाऱ्याची किंमत टिकणार.

येथे लहान उद्योजकाची व्यथाही विसरून चालणार नाही. मोठी कंपनी आपल्या अहवालासाठी पुरवठादाराकडे लांबलचक प्रश्नावली पाठविते; ती भरण्यासाठी लहान फाउंड्रीवाला सल्लागाराला पैसे मोजतो; परंतु सुट्या भागाचा दर मात्र एका पैशाने वाढवून मिळत नाही. खर्च तिऱ्हाइताच्या अंगावर ढकलण्याचा हा जुनाच मार्ग हिरव्या कागदात गुंडाळून आलेला आहे. आपल्या कंपनीच्या खरेदी खात्याला याचा जाब विचारणे, हेही शाश्वतता अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट कायद्याने करावयाची आहे. कंपनीच्या हिशेब तपासनिसाला मुदतीपूर्वी दूर करावयाचे असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार केंद्र सरकारची पूर्वसंमती आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. मोठा घोटाळा आढळल्यास तो सरकारला कळविण्याचे कर्तव्यही त्याच्यावर आहे. पैशाच्या ताळेबंदावर सही करणाऱ्याला जे संरक्षण मिळते, त्याचा काही अंश तरी पाण्याच्या ताळेबंदावर सही करणाऱ्याला का मिळू नये? शाश्वतता अधिकाऱ्याने आपला अहवाल प्रसिद्धी खात्याकडे वा विक्रीप्रमुखाकडे न देता थेट संचालक मंडळाच्या समितीकडे द्यावा. त्याला दूर केल्यास त्याची कारणे वार्षिक अहवालात नमूद व्हावीत. आणि त्याने लेखी नोंदविलेल्या धोक्यावर कोणता निर्णय झाला, हे निर्णय घेणाऱ्याच्या नावानिशी दप्तरी राहावे, एवढ्या तीन तरतुदींनीही पुष्कळ फरक पडेल. यामुळे उद्योग चालविणे अशक्य होईल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु हिशेब तपासनीस, कंपनी सचिव, सुरक्षा अधिकारी ही पदे आली तेव्हाही ती उद्योगांना काही थोडी सुखाची वाटली असतील असे नाही. उद्योग चालतच राहिले. गुंतवणूकदाराचा विश्वास मात्र वाढला.

दुसरी गोष्ट पात्रतेची. येथे नवे काही शोधून काढावयास नको. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठा ऊर्जावापर करणाऱ्या ठरावीक उद्योगांना ऊर्जा व्यवस्थापक नेमण्यास सांगितले आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोमार्फत त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली. बॉयलर, भट्टी, पंप, विजेचा भार यांचे ज्ञान असल्यावाचून ती उत्तीर्ण होता येत नाही. शाश्वतता अधिकाऱ्यासाठीही शुल्क भरल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राऐवजी अशीच कठोर सामाईक परीक्षा आणि व्यवसायाची स्वतःची शिस्त पाळणारी वैधानिक संस्था हवी. खोट्या आकड्यावर सही केल्यास सनद जाते, ही भीती प्रामाणिक अधिकाऱ्याला अडचणीची न ठरता त्याची ढाल ठरते. कारण तो वरिष्ठांना सांगू शकतो की, ही सही माझ्या एकट्याच्या अखत्यारीतली नाही.

तिसरी जबाबदारी विद्यापीठांची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशाची परिणती म्हणून पुढे सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. त्याचे आज काय झाले आहे, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रकल्पवह्या उघडून पाहिल्या तर कळेल. एकच प्रकल्प वर्षानुवर्षे नक्कल होत राहतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मीटर वाचता येत नाही आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ताळेबंद वाचता येत नाही. या नोकरीला दोन्ही यावे लागते. महाराष्ट्राला याबाबत स्वतःचाच एक चांगला दाखला आहे. सहकारी साखर कारखानदारी वाढली तेव्हा तिच्या गरजेतून १९७५ मध्ये मांजरीची साखर संस्था उभी राहिली आणि कारखान्याच्या पाळीत उभे राहू शकणारे तंत्रज्ञ तेथून तयार झाले. इचलकरंजीचे कापड प्रक्रिया उद्योग, तारापूर आणि लोटे-परशुरामच्या रसायन वसाहती, जालन्याचे पोलाद, चाकणची वाहने, यांच्या परिसरातील महाविद्यालयांनी त्याच धर्तीवर आपला अभ्यासक्रम स्थानिक उद्योगाशी जोडला आणि विद्यार्थ्याला किमान सहा महिने प्रक्रिया केंद्रावर पाळीने उभे केले, तर दहा प्रमाणपत्रांनी होणार नाही ते काम होईल.

राहता राहिला प्रत्यक्ष उमेदवार. त्याने प्रथम एखादा पक्का धंदा हस्तगत करावा : रसायन, यंत्र, परिव्यय लेखा, कामगार कायदा वा शेती, यांपैकी काहीही. शाश्वतता ही त्यावर चढविण्याची दुसरी पायरी आहे. पहिल्या पायरीवाचून ती हवेत लोंबकळते. मुलाखतीला गेल्यावर पगाराबरोबरच त्याने तीन प्रश्न विचारावेत. आपण कोणाला जबाबदार राहणार? कारखान्यातील मीटर आपल्याला केव्हाही पाहता येतील काय? आणि आपल्या आधीच्या माणसाने लेखी दिलेल्या एखाद्या सूचनेवर कंपनीने कधी पैसा खर्च केला आहे काय? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर ती नोकरी अवश्य पत्करावी. न मिळाली, तर आपल्याला अहवालाचे कारकून म्हणून बोलाविण्यात आले आहे, एवढे तरी त्याने जाणून असावे.

महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाविरुद्धचा आपला कायदा केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये त्यासाठी मंडळही स्थापन केले. कायद्यात आपण मागे नव्हतो. मागे पडलो ते कायदा रोजच्या रोज, पाळीपाळीने पाळून घेणारी माणसे उभी करण्यात. आज ती माणसे स्वतःहून पुढे येत आहेत, शिकावयास तयार आहेत आणि त्यांना पगार देण्यास उद्योगही तयार आहेत. कल्याण अधिकाऱ्याच्या पदाची जी गत झाली ती या पदाची होऊ द्यावयाची नसेल, तर पदनामाबरोबर अधिकार आणि सहीबरोबर संरक्षण देण्याची वेळ हीच आहे. पद रुळून गेल्यावर आणि त्यावरची माणसे मान खाली घालावयास शिकल्यावर ती सुधारणा करणे फार कठीण जाते.